धावण्याच्या वहीत नुसते किलोमीटर नकोत

प्रश्न: मी ४३ वर्षांची, कोथरूडला राहते. बँकेत नोकरी, दोन मुलं. तीन वर्षांपूर्वी धावायला लागले, आमचा नऊ जणींचा ग्रुप आहे. दोन हाफ मॅरेथॉन झाल्या, त्यातली बरी २ तास ३४ मिनिटांत. जानेवारीतल्या मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. रविवारची धाव २६ किलोमीटरपर्यंत नेली आणि आता गाडी अडलीय. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. १५-१६ किलोमीटरनंतर थोडी थोडी लघवी गळते, म्हणून मी निघण्याआधी पाणीच पीत नाही. दोन वर्षांपासून पाळीत खूप जातं. हिमोग्लोबिन १०.८ आलं, तर ‘बायकांचं एवढंच असतं’ असं ऐकायला मिळालं. सासूबाई म्हणतात, एवढं धावून पिशवी खाली सरकेल. ग्रुपमधल्या बाकीच्या सगळ्या पुढे चालल्यात. माझं वय झालं का? हाफवरच थांबू का?

उत्तर:

थांबू नका. पण येत्या रविवारी २६ धावूही नका. आधी रक्ताचं बघायचं, मग बाकीचं.

मी पुण्यात एकोणीस वर्षं फिजिओथेरपी करते आणि मुंबईची पूर्ण मॅरेथॉन चार वेळा धावले आहे. माझ्याकडे येणाऱ्या धावपटू बायका बहुतेक करून गुडघा नाहीतर पोटरी दाखवायला येतात. लघवीचा, पाळीचा, थकव्याचा विषय निघतो तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दार लोटून घेतल्यावर. ग्रुपवर मात्र घड्याळाचा फोटो त्याच सकाळी पडलेला असतो. बाकीच्या आठ जणी पुढे चालल्यात असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्हाला त्यांचे फक्त किलोमीटर दिसतात. त्यांनाही तुमचे तेवढेच दिसतात. त्यातल्या दोघी-तिघींचं दुखणं तुमच्यासारखंच असणार, हे मी अनुभवावरून सांगते.

तुम्ही वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत आणि सोबत पाळीच्या तारखाही लिहिल्यात, हे फार बरं केलंत. वहीत तारीख, किलोमीटर, वेळ आणि शेवटी एक शेरा आहे: ‘मस्त’, ‘ठीक’, ‘जड गेलं’. ऑगस्टपासून ‘जड गेलं’ चार वेळा आलंय. मी त्या चार ओळींसमोर पेन्सिलीनं पाळीच्या तारखा मांडून पाहिल्या. दोन धावा पाळीच्या दुसऱ्या दिवशी झाल्यात. तिसरी गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी पंचवीस पानं वाढली असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. चौथी नवरात्रातली, आठ दिवस उपास करून अष्टमीला २२ किलोमीटर. या चारपैकी एकही धाव वयामुळे जड गेलेली नाही. किलोमीटरच्या शेजारी पाळी, झोप, जेवण आणि घरातलं उभ्यानं केलेलं काम यांचे रकाने असते, तर हे तुम्हालाच सप्टेंबरात दिसलं असतं.

आता रक्ताचं. ‘बायकांचं एवढंच असतं’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की ते कुणी म्हटलं हेही मी आता विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ११ च्या खाली गेलं की तो मध्यम ॲनिमिया धरतात, म्हणजे तुमचा आकडा त्यात बसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के जणींना ॲनिमिया निघाला. अर्ध्याहून जास्त जणींना आहे म्हणून ते नॉर्मल ठरत नाही. स्नायूंना प्राणवायू पोचवणारा टँकरच अर्धवट भरलेला आहे आणि तुम्ही त्यावर २६ किलोमीटर काढलेत. तुमच्या चिवटपणाबद्दल मला शंका उरलेली नाही.

हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन करून घ्या. शरीरातला लोहाचा साठा किती ते त्यावरून कळतं. लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी किंवा ताप येऊन गेल्यावर लगेच ही तपासणी करू नका, आकडा फसवा वर दिसतो. बी-१२ आणि थायरॉइडही बघा, शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. मग हे सगळं घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ‘पाळीत खूप जातं’ एवढंच सांगू नका, मोजून सांगा: किती दिवस, पॅड किती तासांनी बदलावं लागतं, गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का. तासा-दोन तासांनी पॅड भरत असेल किंवा सातपेक्षा जास्त दिवस जात असेल, तर सोनोग्राफी करून कारण शोधायला हवं. या वयात गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असणं अगदी सर्रास दिसतं, पाळी जाण्याआधीचे हार्मोनचे चढउतारही असतात, आणि दोन्हींवर उपचार आहेत. नळ चालू ठेवून वरून लोहाच्या गोळ्या ओतत बसण्यात अर्थ नाही.

गोळीचा डोस डॉक्टर ठरवतील. पोटाला त्रास झाला तर गोळी बंद करून टाकू नका. एक दिवसाआड घेतली तर चालेल का ते विचारा, बऱ्याच जणींना ते सोसतं आणि लोह शोषलंही चांगलं जातं. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घ्यायची नाही. लिंबू किंवा आवळा चालेल. धावून आल्यावर काही तास शरीर लोह कमी शोषतं, त्यामुळे रविवारी धावेनंतर तीन-चार तासांनी न घेता पहाटे निघण्याआधी किंवा धावून आल्या आल्या घेतलेली बरी. अळिवाचे लाडू, मटकी, नाचणी, लोखंडी कढईतली भाजी हे सगळं चालू ठेवा, पण १०.८ वरून १२ वर त्यानं तीन महिन्यांत जाणार नाही. बीट आणि पालकावर तर मुळीच भिस्त ठेवू नका. गोळी लागू पडली तर काही आठवड्यांत आकडा हलायला लागतो. आकडा नीट झाला तरी साठा भरायला पुढे तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते. ‘बरं वाटलं म्हणून सोडली’ म्हणणाऱ्या बायका सहा महिन्यांनी परत येतात.

डॉक्टर बघेपर्यंत एका वेळी दीड तासाच्या वर धावू नका. चढावर धाप नेहमीपेक्षा जास्त लागली, छातीत धडधडलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या दिवशी चालत घरी.

वहीतली दुसरी गोष्ट वेगाची. २ तास ३४ मिनिटांची हाफ म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं १८ सेकंद. तुमच्या रविवारच्या धावा साडेसात मिनिटांनी झाल्यात. म्हणजे स्पर्धेत जीव काढून जो वेग येतो, त्याहून जेमतेम बारा सेकंदांनी हळू, आणि तेही दर आठवड्याला, ग्रुपची पुढची फळी सुटू नये म्हणून. लांब धाव तुमच्यासाठी आठ ते साडेआठ मिनिटांची असायला हवी. घड्याळ नको असेल तर साधी कसोटी सांगते: शेजारी धावणारीला काल ऑफिसात काय झालं ते सबंध, न थांबता सांगता आलं पाहिजे. दोन वाक्यांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग कमी करा. विद्यापीठातून पाषाणकडे जाताना ग्रुप पुढे गेला तर जाऊ द्या. किंवा ग्रुपमध्येच बोलून दोन गट करा. हळू गटात कोण येतंय विचारलंत की किती हात वर होतात ते बघा.

आता पाणी आणि लघवी. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याच ओळीची वाटली.

गळती १५ किलोमीटरनंतरच सुरू होते, हे तुम्ही नेमकं टिपलंत. दोन बाळंतपणांनंतर सैल पडलं आणि आता इलाज नाही असं असतं, तर शिंकताना, पहिल्या उडीला, पहिल्या किलोमीटरलाच गळालं असतं. तुमचे पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू, म्हणजे ओटीपोटाचा तळ झोळीसारखा धरून ठेवणारे स्नायू, दोन तास काम करतात आणि मग थकतात. पोटरी थकते तसेच. थकणाऱ्या स्नायूची ताकद वाढवता येते. त्यासाठी उताणं झोपून किंवा बसून, वायू सरू नये म्हणून आवळतो तसं मागून सुरू करून पुढे लघवीच्या जागेपर्यंत आवळायचं आणि आत-वर उचलायचं. आठ सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं. असे आठ ते दहा वेळा, मग झटपट आवळ-सोड दहा वेळा. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट फुगवायचं नाही, कुल्ले आवळायचे नाहीत. महिन्याभरानं हेच उभ्यानं करायचं, कारण धावतो ते उभ्यानं. लघवी करताना मध्येच धार रोखून हा व्यायाम करू नका. एकदा जागा कुठे ते कळायला ठीक, सवय म्हणून वाईट.

एक सूचना मात्र पाळाच. काही जणींचे हे स्नायू कमजोर नसतात, उलट सतत आखडलेले असतात. त्यांना आवळायचा व्यायाम दिला तर त्रास वाढतो. तुम्हाला संबंधांच्या वेळी दुखत असेल, लघवी सुरू व्हायला वेळ लागत असेल किंवा बद्धकोष्ठ जुनं असेल तर आधी पेल्व्हिक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. पुण्या-मुंबईत आता अशा बऱ्याच जणी आहेत.

आणि पाणी सोडणं आजपासून बंद करा. पाणी कमी प्यायलं की लघवी कडक होते, मूत्राशय चुरचुरतं आणि उलट घाई वाढते. बाकी शरीराचं होतं ते वेगळंच. उठल्यावर ग्लासभर पाणी, निघण्याआधी लघवीला जाऊन या, वाटेत तहान लागेल तसे घोट. पातळ पॅड आणि काळी टाइट्स घाला, आणि १४-१५ किलोमीटरला स्वच्छतागृह येईल असा रस्ता आखा. हे इलाज नव्हेत, इलाज लागू पडेपर्यंतची सोय आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता प्यायला लागाल, तर दुसऱ्या टोकाला जाऊ नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांमध्ये सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, कमी झालेलं निघालं. चार तासांहून जास्त वेळ लागलेल्या आणि धावताना वजन वाढलेल्या लोकांत ते जास्त होतं. वजन वाढलं म्हणजे गाळलेल्या घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं. आपण साडेपाच तासवाल्या बायका, प्रत्येक टेबलापाशी थांबून दोन-दोन ग्लास पिण्याइतका वेळ आपल्याला असतो. लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं तर काळजी नको. वाढलं तर पुढच्या वेळी कमी प्या.

सासूबाईंचं. त्या काळजीनं बोलतात, आणि हे त्या एकट्या म्हणत नाहीत. बायकांनी लांब धावलं तर गर्भाशय निसटेल असं अमेरिकेतही साठच्या दशकात खुशाल सांगत. १९६७ मध्ये कॅथरिन स्वित्झर बोस्टनला २६१ नंबर लावून धावली तेव्हा एका अधिकाऱ्यानं रस्त्यात तिच्या अंगावर धावून तिचा नंबर ओढायचा प्रयत्न केला. त्या शर्यतीत बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती थेट १९८४ मध्ये, आणि जोन बेनॉइटनं ती २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. सासूबाईंना आपल्याकडचं सांगायचं तर माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर सांगा; २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, आणि त्याआधी ती मुंबईची मॅरेथॉनही धावलेली होती. अंग खाली येण्याची मोठी कारणं म्हणजे बाळंतपणं, वय, जुना खोकला, कुंथणं आणि जड ओझी. तरीही खाली जड वाटत असेल, काहीतरी सरकल्यासारखं किंवा गोळ्यासारखं हाताला लागत असेल, तर त्याच स्त्रीरोग तपासणीत ते दाखवा.

गुडघ्याकडे आता येते, कारण तो यातला सगळ्यात सोपा भाग आहे. जिना उतरताना आणि खूप वेळ बसून उठताना वाटीभोवती दुखतं, सूज नाही, गुडघा अडकत नाही. बहुतेक करून वाटीच्या मागचा भार वाढलाय. घरी एक चाचणी करा. आरशासमोर पायरीच्या कडेवर उजव्या पायावर उभ्या राहा आणि डावी टाच सावकाश खालच्या पायरीला टेकवून परत वर या, असं पाच वेळा. गुडघा अंगठ्याच्या दिशेनं आत वळतोय का आणि डावी कंबर खाली पडतेय का ते बघा. माझ्याकडे एक शाळेतल्या बाई आल्या होत्या, तीन महिने गुडघ्याला पट्टा लावून धावत होत्या. पायरीवर उभं केलं तर तिसऱ्याच वेळी गुडघा असा आत वळला की त्या स्वतःच “अगंबाई!” म्हणाल्या. गुडघ्यात खोट नव्हती, कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू झोपला होता. आठ आठवडे तेवढंच काम केलं आणि जिना सुटला.

तुमचंही तसंच निघालं तर आठवड्यात दोनदा, धावेच्या दिवशी नाही: एका पायावरचा ब्रिज (उताणं झोपून एक पाय टेकवून कंबर उचलणं), कुशीवर झोपून पाय उचलणं, रबरी पट्टा लावून बाजूला पावलं टाकणं, खुर्चीत बसता-उठता स्क्वॉट, आणि पायरीवर टाचा उचलणं. महिन्याभरानं हातात वजन हवं. जिम नको असेल तर पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरा. दहा-बारा वेळांत थकवा आला नाही तर वजन कमी पडतंय. चाळिशीनंतर इस्ट्रोजेन उतरायला लागतं, तेव्हा हाडांना आणि स्नायूंना हे वजन मॅरेथॉनइतकंच लागतं.

दुसरी गोष्ट, एका मिनिटात पावलं किती पडतात ते मोजा. १५८ असतील तर वेग तोच ठेवून १६६ करा, म्हणजे पावलं आखूड आणि थोडी झटपट. एवढ्यानंही वाटीवरचा भार कमी होतो, आणि खाली आदळणं कमी झाल्यानं गळतीलाही थोडा आराम पडतो. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत होत असेल तर धावायला हरकत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन लांब धाव मात्र कधीही नाही. घाम गाळताना त्या गोळ्या किडनीवर ताण आणतात. आणि नडगीवर किंवा पावलावर एका बोटानं दाखवता येईल अशी जागा दुखायला लागली, रात्री ठणकली, तर धावणं त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक तडा असेल तर पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत दिसतही नाही, म्हणून ‘एक्स-रे क्लिअर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

उपासाबद्दल मी कुणाला सोडा म्हणत नाही. पण लांब धावा आणि नऊ दिवसांचा उपास एकत्र नको. खाणं कमी आणि धावणं जास्त असं महिनोन् महिने चाललं की शरीर आधी पाळी आणि हाडं यांचा खर्च कापतं. ज्यांची पाळी तीन महिने येत नाही अशा तरुण मुलींनी तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून सोडून देऊ नये. तुमच्यापुढे आता मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, नेमके सगळ्यात लांब धावांच्या आठवड्यांत. गुरुवार हाच सुट्टीचा दिवस करा. दिवसा दूध, फळं, शेंगदाणे, राजगिरा घ्या, आणि रात्री उपास सोडताना वरण-भात पोटभर. बाकीच्या दिवशी प्रत्येक जेवणात डाळ-उसळ, दही, पनीर किंवा अंडं यांतलं काहीतरी ठसठशीत हवं. रविवारी अनशापोटी निघू नका. पहाटे केळं किंवा गूळ-तूप-पोळी, आणि तासाभरानंतर दर तासाला ३० ग्रॅम तरी कर्बोदकं; एका मध्यम केळ्यातून साधारण २५ मिळतात. खजूर, चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, जे पोटाला झेपेल ते आत्तापासून करून बघा.

आणि रविवार. तुम्ही साडेनऊला येता आणि एक वाजेपर्यंत ओट्यापाशी उभ्या असता. वेळापत्रकात त्या रकान्यात ‘विश्रांती’ लिहिलेलं आहे. जानेवारीपर्यंतच्या रविवारांचं जेवण दुसऱ्या कुणीतरी करायचं, हे घरात बसून, तारखा कॅलेंडरवर लिहून ठरवा. ‘जमलं तर बघू’ असं ठेवलंत तर पोळ्या तुम्हीच कराल.

शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे हातात चौदाएक आठवडे आहेत. पहिले चार आठवडे रविवारी १० ते १६ च्या मध्येच राहा. गोळ्या, व्यायाम आणि रक्त यांना तेवढा वेळ द्या. रक्त हललं आणि डॉक्टर हो म्हणाले की १८, २०, मग एक आठवडा खाली १४. २३, २६, परत १६. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एकदाच २९-३० किंवा चार तास, जे आधी होईल ते. त्यापुढे नाही. पाळीचा दुसरा दिवस रविवारी आला तर धाव बुधवारी-शनिवारी सरकवा, बिघडत काही नाही. डिसेंबरच्या मध्यापर्यंत हिमोग्लोबिन ११.५ च्या वर आलं नाही तर या वर्षी पूर्ण नको. नाव नोंदवलेले पैसे गेले तरी चालतील.

आलं, तर किलोमीटरला ७:५० धरून निघा. सीएसएमटीहून पहाटे अंधारात गर्दी जोरात सुटते, तिच्यासोबत जाऊ नका. परतताना पस्तिसाव्याच्या पुढेमागे पेडर रोडचा चढ येतो. तोवर ऊन वर आलेलं असतं. तो चढ मी चारही वेळा चालत चढले.

येत्या रविवारी १० किलोमीटर, आठ-सव्वाआठ मिनिटांनी, पाणी पिऊन. आल्यावर वहीत चारही रकाने भरा आणि ग्रुपवर घड्याळाच्या फोटोऐवजी त्या पानाचा फोटो टाकून बघा.